मागच्या अंगणातले शिपाई

व्हरमाँट, १४ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
मालूचा नमस्कार. सा. न. वि. वि.

हे पत्र नीलाच्या ई-मेलवर पाठवतेय. तुझी सून गुणी आहे, छापून हातात देईल. फोनवर मी बोलते, तू पुन्हा पुन्हा काय म्हणून विचारतोस, मग मी ओरडते आणि सुलेखावहिनींना वाटतं बहीणभावांचं भांडण जुंपलं. त्यापेक्षा पत्र बरं.

गुरुनाथच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. सध्या तो रिहॅबमध्ये आहे. तिथे त्याला चालायला शिकवतात आणि हा जन्माचा भूलतज्ज्ञ त्यांना भूल कशी द्यायची ते शिकवतो, असं तिथली नर्स हसत हसत सांगत होती. आमच्या झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर आणि जिना उभा. म्हणून घरामागे, तळमजल्याला लागून, एक खोली आणि बाथरूम बांधायला काढलं. बर्फ पडायच्या आत पाया भरून व्हायला हवा, नाहीतर काम थेट पुढच्या वसंतात जातं.

मागच्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टर डेलने मशीन लावून खोदायला सुरुवात केली आणि दुपारी मला हाक मारली. मातीत हाडं होती. मी वाकून पाहिलं तर दंडाचं हाड, माणसाचं. त्याचं वरचं टोक अजून सांधलं नव्हतं. म्हणजे जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचं पोर.

डेल भला माणूस आहे. त्याच्या आईच्या फुप्फुसांवर मी कितीतरी वर्षं उपचार केले. त्याने टोपी काढली आणि म्हणाला की डॉक्टर, हे आपण दोघांनीच पाहिलंय. जरा बाजूला सरकून खणू, काँक्रीटची गाडी येतेच आहे, गुरुनाथ नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी असेल. दादा, खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला तेच हवं होतं. पण मी उभा जन्म पेशंटांच्या नातेवाइकांना खरं सांगत आले. या पोराचे नातेवाईक समोर नव्हते, एवढाच फरक. मी आत जाऊन पोलिसांना फोन केला.

मग राज्याच्या पुरातत्त्वखात्याची बाई आली. तिच्याबरोबर डोना म्हणून एक अबेनाकी बाई होती. अबेनाकी म्हणजे इथले मूळचे लोक. हाडं त्यांच्या पूर्वजांची असतील तर आधी हक्क त्यांचा. पण मातीत सैन्याच्या कोटाची बटणं सापडली. ही १८१२ च्या लढाईतली अमेरिकन शिपायांची थडगी आहेत. इंग्रजांशी झालेली दुसरी लढाई. मी सिटिझनशिपच्या परीक्षेसाठी तिचं नाव पाठ केलं होतं, बाकी शून्य. तू इतिहासाचा मास्तर, तूच सांग कशावरून पेटली.

काम अर्थातच बंद आहे. वहिनींना नमस्कार, छोट्यांना पापे. आठवण असू दे.
तुझी मालू


कऱ्हाड, २२ सप्टेंबर २०२४

चि. सौ. मालूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. फोन केलास ते उत्तम केलंस, हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढची थट्टा गोड लागेल. पन्नास वर्षं ज्या देशाचं मीठ खाल्लंस त्याच्या लढाईबद्दल कऱ्हाडच्या पेन्शनराला विचारतेस, शाब्बास! आमच्या पुस्तकात तिला अर्धं पान होतं आणि तेही परीक्षेला येत नसे. तरी वाचनालयातून आणून वाचलं.

ऐक. इंग्रज तेव्हा नेपोलियनशी झुंजत होते. त्यांच्या आरमाराला खलाशी कमी पडत. मग भर समुद्रात अमेरिकन जहाजं अडवायची आणि हा आमचा पळालेला खलाशी आहे, असं म्हणून माणसं उचलून न्यायची. त्यात खरे अमेरिकनही हजारोंनी गेले. व्यापारही अडवला. नवा देश, जेमतेम तीस वर्षांचं स्वातंत्र्य, अपमान फार झोंबला. हे झालं पुस्तकी कारण. दुसरं कारण पुस्तकं जरा हळू आवाजात सांगतात. पश्चिमेच्या लोकांना मूळच्या माणसांची जमीन हवी होती आणि उत्तरेला जमलं तर कॅनडाही. युद्धाला एक कारण घोषणेसाठी असतं आणि एक खिशात असतं, हे मी मुलांना सांगायचो, तुला आठवत असेल.

शेवट तर ऐकण्यासारखा आहे. अडीच वर्षं लढले, इंग्रजांनी राजधानी जाळली, आणि तहात ठरलं काय, तर ज्याचं जे होतं ते त्याला परत. ज्या खलाशांपायी लढाई सुरू झाली त्यांचा तहात एका शब्दाने उल्लेख नाही! आणि तह झाल्याची बातमी जहाजाने यायला उशीर लागला म्हणून त्यानंतर आणखी एक मोठी लढाई झाली, माणसं मेली. पत्राला उशीर झाला की काय होतं ते बघ, आणि तू मला महिना महिना लिहीत नाहीस.

त्या तहानंतर तीन वर्षांच्या आत पुण्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण तिकडून मोकळे झालेले हात इकडे होते, एवढं खरं.

तुझी वहिनी म्हणते, नारळ फोड आणि दिवा लाव, शिपाई कोणत्याही जातीधर्माचे असोत. तुमच्या गावात लढाई झाली होती का? आणि गुरुनाथरावांच्या तब्येतीबद्दल सविस्तर लिही. दोन ओळींत उरकू नकोस.

घरच्या सर्वांचा जीव तुमच्याकडे लागला आहे, हे लक्षात ठेव.
तुझा दादा


व्हरमाँट, १३ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दिवा लावला. नारळ इंडियन स्टोअरमधून आणला आणि डेलच्या हातोडीने फोडला. पुरातत्त्ववाली बाई आदबीने बाजूला उभी राहिली आणि नंतर तिने खोबरं मागून घेतलं.

तू विचारलंस म्हणून सांगते, आमच्या गावात लढाई झालीच नाही. तेव्हा इथे सरोवराकाठी सैन्याची हिवाळी छावणी होती. ही पोरं शेतावरून भरती झालेली, कोणी शंभर मैलांवरून चालत आलेली. कोट पातळ, बूट फाटके, तंबूत बर्फ. ताप आला, न्यूमोनिया झाला आणि शेकड्यांनी गेली. इंग्रज शिपाई डोळ्यांनी न बघताच मेली. दादा, मी याच गावात चाळीस वर्षं न्यूमोनियाशी भांडले. माझ्या पेशंटांना जे औषध मी आठवडाभर देऊन घरी पाठवायचे, तेवढं त्यांना मिळालं असतं तर! न्यूमोनिया हाडावर काही खूण ठेवत नाही. मी तरीही बरगड्या निरखून पाहिल्या, सवयीने.

एक गोष्ट तुला मुद्दाम लिहायची आहे. सगळी थडगी घाईची, पण एकाच्या कवटीजवळ हिरवे डाग होते आणि तिथे पितळेच्या बारीक टाचण्या सापडल्या. बाईने सांगितलं की मेलेल्याला कापडात गुंडाळून ते अशा टाचण्यांनी टाचत असत. सैन्याकडे एवढा वेळ नव्हता, हे बहुधा गावातल्या कुणा बाईने केलं असावं. कडाक्याच्या थंडीत, साथीच्या रोगाने मेलेल्या परक्या पोराला तिने स्वच्छ कापडात नीट गुंडाळलं. मी त्या टाचण्या तळहातावर घेऊन पाहिल्या.

डोना अजूनही येते. हाडं तिच्या माणसांची नाहीत हे कळल्यावर येण्याचं कारण नव्हतं. मी तिला चहा दिला, आल्याचा. तिला मी तुझं पत्र वाचून दाखवलं, इंग्रजी करून. खिशातल्या कारणावर ती खूप हसली. मग म्हणाली की तहात मूळच्या लोकांची जमीन परत द्यायचंही एक कलम होतं, ते कोणी पाळलं नाही. दोन्ही बाजूंनी लढून तिच्यासारखेच लोक हरले. तरी ही पोरं थंडीत मेली याचं तिला वाईट वाटतं, कुणाच्या तरी आईचीच होती म्हणाली.

आणखी थडगी निघाली आहेत, त्यामुळे यंदा काम होत नाही. दव गोठायला लागलं. गुरुनाथ ठीक आहे.

वहिनींच्या चकल्यांची फार आठवण येते. तुमचा लोभ माझ्या वाट्याला असाच येत राहो.
तुझी मालू


सनीव्हेल, १९ ऑक्टोबर २०२४

प्रिय प्रतापमामा,
नमस्कार.

मी उर्वी. माझं मराठी लेखन चुकेल, तू मास्तर आहेस तरी लाल पेन काढू नकोस. आईला न सांगता लिहितेय.

बाबा ठीक नाहीत. आईने तुला लिहिलं नसणार, मला माहीत आहे ती कशी आहे. खोली होणार नाही हे कळल्यापासून त्यांनी एक्सरसाइझ बंद केला. जेवण परत पाठवतात. थेरपिस्टला म्हणाले की मला नर्सिंग होममध्ये टाका, मालिनीला एकटीला ओझं नको. मी दोनदा फ्लाइट घेऊन जाऊन आले, पण माझ्यासमोर ते फक्त जोक्स करतात. आई दिवसभर त्या खड्ड्यापाशी, संध्याकाळी रिहॅबमध्ये. ती फार बारीक झालीय.

मामा, तुला खरं सांगते, मला त्या हाडांचा राग येतो. दोनशे वर्षं ते लोक शांत झोपले होते, अजून एक हिवाळा झोपले असते तर काय झालं असतं? मी हे आईला फोनवर बोलले. तिने विषय बदलून माझ्या जेवणाचं विचारलं. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

बाबा तुझं ऐकतात. आम्हा डॉक्टर-इंजिनिअर लोकांचं ऐकत नाहीत. त्यांना प्लीज लिही.

सुलेखामामीला आणि नीलावहिनीला प्रेम. माझ्यावर रागावू नकोस.
तुझी उर्वी


कऱ्हाड, २४ ऑक्टोबर २०२४

श्री. गुरुनाथराव यांस,
प्रतापचा सप्रेम नमस्कार.

तुम्ही ठीक नाही हे मला उर्वीने कळवलं. तिला बोलू नका. मालूच्या पत्रात तुम्ही फक्त ठीक आहात. तुम्ही चाला, जेवा असा उपदेश मी करणार नाही. डॉक्टर तुम्ही, आणि आमच्या घरात उपदेश करायचं काम सुलेखाचं. मी तुम्हाला आमच्या घरातली एक गोष्ट सांगणार आहे. मालूला ती अर्धीच ठाऊक आहे, तिचा जन्म नंतरचा.

१९४३ साली आमचे वडील, आबा, प्रतिसरकारात भूमिगत होते. पोलीस घरी यायचे, धान्य उधळून जायचे. मी तेव्हा तान्हा होतो. त्याच वर्षी आबांचा धाकटा भाऊ रंगराव इंग्रजांच्या मराठा पलटणीत इटलीत होता. घरात खाणारी तोंडं फार, म्हणून भरती झालेला. एका आईचे दोन मुलगे. एक साम्राज्य उलथायला निघालेला, दुसरा त्याच साम्राज्याच्या गणवेशात. हिवाळ्याच्या तोंडावर सांग्रो नावाच्या नदीवर रंगूकाका पडला. घरी तार आली.

आजी रडली नाही म्हणतात. तिने तार वाचून दाखवणाऱ्याला एवढंच विचारलं, की माझ्या पोराला शेवटी हाताळलं कोणी? आजी पुढे वीस वर्षं जगली. कोणीही तिकडून आलेला शिपाई भेटला की तिचा तोच प्रश्न. आबा तिथून उठून जायचे. इंग्रजांसाठी मेलेल्या भावाचा फोटो त्यांनी घरात लावू दिला नाही, आणि त्याच्याबद्दल कुणी वाईट बोललेलंही खपवून घेतलं नाही. मी चाळीस वर्षं वर्गात साम्राज्याचा इतिहास शिकवला, पण या दोन भावांचं काय करायचं ते मला कधी समजलं नाही.

गुरुनाथराव, मालूने टाचण्यांबद्दल लिहिलेलं मी सुलेखाला मोठ्याने वाचून दाखवत होतो आणि मधेच पत्र तिच्या हातात दिलं. आजीला हवं होतं ते हेच होतं हो. कोणीतरी बाई असते, ती परक्याच्या पोराला नीट गुंडाळते. तिथेही असेल कोणी. मालूने खोदकाम थांबवलं, त्यामुळे एवढं मला या वयात कळलं. त्याची किंमत तुम्ही तिकडे खाटेवर पडून देत आहात, हेही मला कळतं. म्हणून तुमचे आभार मानायला हे पत्र. काल मी आबांचा आणि रंगूकाकाचा असे दोन्ही फोटो खिळ्यांच्या एकाच ओळीत, शेजारी शेजारी लावले.

माझं एक काम करा. घरी गेल्यावर मागच्या खिडकीतून ती जागा बघून मला लिहा, कशी दिसते, झाडं कोणती आहेत. मालू झाडांची नावं चुकीची सांगते. मला ते डोळ्यांसमोर आणायचं आहे.

दिवाळीच्या शुभेच्छा. तुमच्या पत्राची वाट बघायचा हक्क मला आहे, असं समजतो.
तुमचा प्रताप


व्हरमाँट, २४ नोव्हेंबर २०२४

ती. प्रतापराव यांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, हाताने लिहितोय. मराठी लिहून किती वर्षं झाली ते विचारू नका. मालिनी याचा फोटो काढून नीलाला पाठवेल.

झाडं अशी आहेत. डावीकडे दोन शुगर मेपल, आता पानं गेलेली. कुंपणाशी जुनं सफरचंद, त्याला मालिनी गेली कित्येक वर्षं पेअर म्हणते. मधली जागा चादरीसारखी सपाट दिसते, वर काल पडलेलं पहिलं बर्फ. खिडकीतून सगळं स्वच्छ दिसतं. म्हणजे मी घरी आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल.

तुमचं पत्र मी तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा थेरपिस्ट आत आली. मी तिला म्हटलं, वॉकर आण. मला रडताना बघून तिला वाटलं दुखतंय. मी तिला सांगितलं की माझ्यावर कऱ्हाडचं एक काम आलंय आणि त्यासाठी चालता यायला हवं.

इकडे घरी काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. डेलने गावभर सांगितलं होतं की डॉक्टरीणबाईंनी फोन केला म्हणून त्यांचा नवरा घरी येऊ शकत नाही. एका शनिवारी लोक आले. लायब्ररीवाली, फायर ब्रिगेडचे व्हॉलंटियर, एक प्लंबर ज्याच्या मुलीला मी लहानपणी भूल दिली होती. आमचं गणपतीच्या पंगतीचं लांब डायनिंग टेबल त्यांनी उचलून गॅरेजमध्ये ठेवलं आणि जेवणघराची माझी खोली केली. जिन्याखालच्या कोठीत बाथरूम बसवलं. डोना आणि मालिनीने भिंती रंगवल्या. मला घेऊन आले तेव्हा सगळे व्हरांड्यात उभे. मी आयुष्यभर या गावाला झोपवलं, प्रतापराव, आणि या वेळी त्यांनी मला पत्ता लागू दिला नाही!

मी मालिनीला ओझं होईन असं मला वाटत होतं आणि त्या मेलेल्या पोरांवर मी मनातून चिडलो होतो. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली तिला माहीत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मग आम्ही दोघांनी डेलने भाजून आणलेली खूप गोड ॲपल-पाय खाल्ली.

उर्वी थँक्सगिव्हिंगला येतेय. तुम्ही आजींचा प्रश्न मला सांगितलात, त्याबद्दल मी तुमचा कायमचा ऋणी आहे.

वहिनींना नमस्कार. कृपादृष्टी आहेच, ती आटू देऊ नका.
आपला गुरुनाथ


व्हरमाँट, १ जून २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मागच्या सोमवारी, मेमोरियल डेला, म्हणजे इथल्या युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, सगळ्या शिपायांना गावाच्या दफनभूमीत पुन्हा पुरलं. तुला लगेच लिहायला हवं होतं, पण आठवडाभर लिहायला बसले की मन भरून यायचं आणि मी उठून भांडी घासत बसायचे.

कोण कुठला ते शेवटपर्यंत कळलं नाही. छावणीच्या इस्पितळाच्या जुन्या नोंदींत त्या हिवाळ्यात गेलेल्यांची नावं आहेत, पण कोणतं नाव कोणत्या शवपेटीतल्याचं हे सांगायला काही उपाय नाही. म्हणून गावाने ठरवलं की सगळीच नावं वाचायची आणि सैन्यात सकाळी हजेरी घेतात तशी प्रत्येक नावाला गावातल्या एकाने ओ द्यायची. ज्याला हवं त्याने लायब्ररीतून एक नाव न्यायचं. शाळेतल्या मुलांपासून आमच्या जुन्या पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी नेली.

उर्वी आदल्या दिवशी आली होती. ती मला म्हणाली की आई, मी जे फोनवर बोलले ते बोलायला नको होतं. मी म्हटलं, तू तुझ्या बाबांसाठी बोललीस, तू नाही तर दुसरं कोण बोलणार? ती रात्री माझ्याजवळ झोपली, लहानपणी झोपायची तशी.

डोनाला बोलायला बोलावलं होतं. ती थोडंसं बोलली. म्हणाली, त्या लढाईत मेलेल्या तिच्या बाजूच्या माणसांची हजेरी कोणीच ठेवली नाही, तर आज त्यांच्यासाठी जरा वेळ कोणीच ओ देऊ नका. सगळे गप्प उभे राहिले. सरोवरावरून वारा येत होता तेवढाच आवाज.

मग पाद्र्याने नावं वाचायला सुरुवात केली. एकेका नावाला गर्दीतून उत्तर यायचं, कोणी खणखणीत, कोणी घाबरत. मी नेलेल्या नावाला मी ओ दिली. डेलने दिली, उर्वीने दिली. गुरुनाथ व्हीलचेअरमध्ये होता. एवढं लांबचं अंतर आणि उंचसखल गवत, म्हणून मीच आग्रह केला होता. त्याला मिळालेलं नाव पलटणीत ढोल वाजवणाऱ्या एका सतरा वर्षांच्या पोराचं होतं.

ते नाव आलं आणि गुरुनाथने माझा हात बाजूला केला. खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर भार देऊन तो हळूहळू, कोणाच्याही मदतीशिवाय उभा राहिला. ताठ राहिला. लोक थांबले, पाद्रीही थांबला. इंग्रजीत काय म्हणायचं ते त्याला पाठ होतं, सकाळपासून पुटपुटत होता. पण त्याच्या तोंडून शाळेत असताना द्यायचा तसा मोठ्याने शब्द निघाला, हजर.

पाद्र्याला शब्द कळला नसावा. पण त्याने गुरुनाथकडे बघून मान लववली, आणि मग पुढचं नाव वाचलं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी मालू